दाखल क्रमांक एकपासून

दहावीपासून जेवढे फॉर्म भरले, त्या सगळ्यांत छंदाच्या रकान्यात मी 'वाचन' लिहीत आले. शाळेत सरांनी फळ्यावर नमुन्याचा फॉर्म काढून दिला होता, त्यात तसं लिहिलेलं होतं. पुढे कुणी विचारलं नाही आणि मीही ते बदललं नाही. पंचायत समितीत लिपिक म्हणून लागले तेव्हा वर्ध्याला प्रशिक्षण झालं. तिथे प्रत्येकानं उभं राहून नाव, गाव आणि छंद सांगायचा होता. माझी पाळी आली. मी सवयीनं म्हटलं, "वाचन."

शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या. "वा! सध्या काय वाचताय?"

मी खरं ते सांगितलं. परीक्षेसाठी घेतलेलं सामान्य ज्ञानाचं पुस्तक आणि चालू घडामोडींचं मासिक. मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ते तर झालंच. पण स्वतःसाठी म्हणून काय?" मी खाली बसले.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील चौथीपर्यंत शिकलेले, आई दुसरीपर्यंत. घरात एक फळी होती, तिच्यावर माझी शाळेची पुस्तकं, शिधापत्रिका आणि कॅलेंडर. परीक्षा झाली की वरच्या वर्गाची पुस्तकं यायची आणि जुनी शेजारच्या मुलीकडे जायची. पुस्तक पास होण्यासाठी असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी तसंच धरून चालले होते. मला याबद्दल कुणाला दोष द्यायचा नाही. ज्यांनी मला पास केलं त्यांचे उपकार मी रोज आठवते. पण त्या दिवशी वर्ध्याहून हिंगणघाटला परत येताना बसमध्ये माझा पाय सारखा हलत होता. शेजारच्या बाईनं शेवटी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात मी गावातल्या वाचनालयाची सभासद झाले. तिथे काम पाहणारे काका वयानं मोठे, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलण्यात निम्मं हिंदी. मी त्यांना विचारलं, "काका, सुरुवात कुठून करू?"

ते रजिस्टरमध्ये मान घालून होते. म्हणाले, "शुरू से कर बेटा. एक नंबरापासून."

त्यांनी गंमत केली होती. मला ते कळलं नाही. आयुष्यभर मला कुणी तरी पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत नेत आलं होतं, त्यामुळे ते म्हणाले ते मला अगदी बरोबर वाटलं. वाचनालयात प्रत्येक पुस्तकाला ते आलं त्या क्रमानं एक दाखल क्रमांक दिलेला असतो आणि आमच्याकडे कपाटंही त्याच क्रमानं लावलेली. मी दाखल क्रमांक एक मागितला. ते सहकारी शेतीवरचं होतं. दोन नंबरची भजनं. तीन नंबर गहाळ. चार म्हणजे मधमाशा पाळण्याची माहिती. आठवड्याभरानं काकांच्या हे लक्षात आलं, तेव्हा ते खो खो हसले. मग म्हणाले, "अब शुरू किया है तो करच. आजपर्यंत असं कोणी केलं नाही."

मी वर्षाला शंभर असा आकडा ठरवला. आमच्या ऑफिसातल्या आस्थापनेच्या ताई फोनवर स्टेटस ठेवायच्या, पुस्तकांच्या चळतीचा फोटो आणि खाली 'या वर्षातलं अमुकावं'. त्यांचे पन्नास व्हायचे. मी म्हटलं, आपण उशिरा सुरुवात केली, तर आपल्याला दुप्पट केलं पाहिजे. एक दोनशे पानी वही घेतली. अनुक्रमांक, पुस्तकाचं नाव, पानं, सुरू, समाप्त असे रकाने आखले. रोज साठ पानं. माझं ऑफिस समुद्रपूरला. सकाळी हिंगणघाटहून निघायचं आणि जामला उतरून दुसरी गाडी धरायची. जाताना वीस पानं, जाम चौरस्त्यावर उभ्या उभ्या पाच, जेवणाच्या सुट्टीत दहा, येताना पुन्हा वीस, झोपताना उरलेली पाच. जामला ट्रक वळायचे, संत्री विकणारे ओरडायचे, धूळ पानांवर बसायची आणि मी बोटानं ओळ धरून पुढे पुढे जायची. एखाद दिवशी चाळीसच झाली की जेवण गोड लागत नसे. एक पुस्तक संपलं की बरं वाटायचं ते साधारण पाच मिनिटं. तेवढ्यात पुढच्या पुस्तकाची जाडी डोळ्यांसमोर यायची. जाड पुस्तक आलं की मी ते 'नंतर' म्हणून बाजूला ठेवू लागले. मग परिच्छेदाची पहिली ओळ वाचून पुढे जायला शिकले. कुणाला सांगितलं नाही.

आई म्हणायची, "परीक्षा आहे काय पुन्हा?"

"नाही गं."

"मंग चेहरा काऊन असा करतं?"

पोळा झाला आणि बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एकामागून एक काढला. बाबांनी सगळं आयुष्य इथल्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात काढलं. आधी कापसाच्या गाड्या उतरवायचे, मग कापूस पाहायचं काम त्यांच्याकडे आलं. गाडी आत आली की तो ओला आहे का, पिवळा आहे का, तंतू लांब आहे का, हे पाहून सांगायचं, म्हणजे पुढे भाव ठरायचा. काही वर्षांपूर्वी त्यांनी काम सोडलं. दमा वाढला म्हणून सोडलं, असं मी समजत होते.

नवा चष्मा आला आणि बाबा जे दिसेल ते वाचू लागले. शांपूच्या पुडीवरचं, एसटीच्या पाटीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं. पेपर तर सकाळी नऊपर्यंत संपायचा, निविदा आणि जाहीर नोटिसांसकट. मग ओट्यावर बसून रस्ता पाहायचे. दिवाळी झाली आणि एका रविवारी त्यांनी मला हाक मारली.

"माय, तू एवढे पुस्तकं आनतं. एखादं मले दे ना."

मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ही मागणी ऐकत होते. "कोणतं देऊ?"

"मले काय माहीत? किती झाले तुह्ये?"

"एकाहत्तर."

"बाप्पा! मंग झालं तं. त्यातलं जे सगळ्यात चांगलं वाटलं थे दे."

मी आत जाऊन वही उघडली. एकाहत्तर नावं, सुवाच्य अक्षरात. पानांची संख्या, तारखा. मी वरून खाली बोट नेलं आणि खालून वर आणलं. अठराव्यात काय होतं? तेविसावं कुणाबद्दल होतं? काहींची नावं वाचून मला इतकंच आठवलं की ते मी जामला उभी असताना संपवलं आणि तेवढ्यात गाडी आली. बाबा बाहेर वाट पाहत होते. मी ओट्यावर येऊन म्हटलं, "उद्या आणते."

आस्थापनेच्या ताईंना विचारलं. त्यांनी एक नाव दिलं, खूप गाजलेलं, बक्षीस मिळालेलं. मी ते आणलं. बाबांनी ते मांडीवर उशी घेऊन, उशीवर ठेवून, तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी नवव्या पानात बोट घालून माझ्याकडे आले.

"हा मानूस हे कोनाले सांगून राह्यला?"

"वाचकांना, बाबा."

"मी हावो ना वाचक. मले तं नाई सांगून राह्यला."

मग मी सोपं म्हणून दुसरं आणलं, यशस्वी कसं व्हावं असं काहीतरी. ते त्यांनी दोन दिवस वाचलं. "हा मले पाच वाजता उठाले सांगते. मी चार वाजता उठतो. आन आता यशस्वी होऊन कुठी जाऊ?" आई भाजी निवडता निवडता हसली. तिसऱ्या वेळी मी अक्षर मोठं पाहून एक पुस्तक आणलं. घाईत होते. घरी आल्यावर कळलं की ते मुलांचं होतं, दर पानावर चित्र. बाबांनी दोन पानं उलटली आणि मिटून माझ्या हातात दिलं.

"राहू दे माय," ते म्हणाले. रागावले नव्हते, उलट मलाच समजावत होते. "हे तुमच्या लोकायचं काम आहे."

तुमच्या लोकायचं. मला बारावीपर्यंत सायकलवर शाळेत सोडणारा माणूस मला हे म्हणत होता. ज्यांच्या कष्टावर मी त्या 'तुमच्या लोकांत' गेले, ते स्वतः बाहेर उभे आहेत आणि दार मीच लावलं आहे, असं मला वाटलं. मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. आणखी एक चुकीचं पुस्तक आणलं तर बाबा पुन्हा मागणार नाहीत. इतक्या उशिरा नीट दिसू लागलं आणि त्यांनी काही मागितलं, ते कायमचं मिटेल. आणि माझ्याकडे एकाहत्तर पुस्तकं होती, पण द्यायला एक नव्हतं.

तो आठवडा फार वाईट गेला. साठ पानं होईनात. फोनवर याद्या पाहिल्या, मरण्यापूर्वी वाचायची शंभर, प्रत्येक मराठी माणसानं वाचायची पन्नास. त्या याद्यांमध्ये बाबांसारखा माणूस कुठे बसतो ते कळेना. समुद्रपूरच्या ऑफिसात एका अर्जावर दुसऱ्याच गावाचा शिक्का मारला आणि साहेबांची बोलणी खाल्ली. वाचनालयातल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्यांना काय आवडतं?" मला तेही माहीत नव्हतं. बाबांना चहात आलं आवडतं, तूरडाळीचं वरण आवडतं. गोष्ट कोणती आवडते?

"मग त्यांनाच आण ना," काका म्हणाले. "मी काय खाऊन टाकतो का?"

शनिवारी दुपारी बाबांना म्हटलं, "चला वाचनालयात." ते नको नको म्हणाले, मग आईनं धुतलेला सदरा काढून दिला तेव्हा घालायला लागले. त्या वाचनालयावरून त्यांनी सगळं आयुष्य सायकल नेली होती, आत कधी गेले नव्हते. दाराशी चपला काढल्या. बाकी सगळे चपला घालूनच आत होते. मीही काढल्या.

काकांनी विचारलं, "बोला, कोणता नंबर?"

"नंबर नाई माहीत, साहेब," बाबा म्हणाले. ते कपाटांकडे पाहत होते. मग एकदम म्हणाले, "हात घालून पाहू द्याल काय?"

काकांना कळलं नाही. मला कळलं. लहानपणी डबा द्यायला जिनिंगमध्ये जायची तेव्हा मी पाहिलं होतं. गाडीच्या वरचा कापूस बाबा कधीच पाहत नसत. वर सगळे चांगलाच ठेवतात, पांढरा, फुललेला, वाळलेला. बाबा कोपरापर्यंत हात आत खुपसायचे आणि पोटातली मूठ बाहेर काढायचे. ती गालाला लावायचे, ओल आहे का पाहायला. मग चिमटीत धरून ओढायचे आणि तंतू किती निघतो ते पाहायचे. बाहेर कितीही सुंदर असो, निर्णय त्या मुठीवर.

"पाहा ना," काका म्हणाले. "यहाँ कौन रोकता है? पुस्तकं घरी जायलाच आहेत."

बाबांनी पहिलं पुस्तक काढलं. मुखपृष्ठाकडे पाहिलंसुद्धा नाही. बरोबर मध्यावर उघडलं आणि उजेडाकडे धरून अर्धं पान ओठ हलवत वाचलं. बंद केलं, जागच्या जागी ठेवलं. दुसरं. तिसरं. एकेकाला चार-पाच मिनिटं. मला उभं राहवेना. मी घड्याळ पाहत होते, काका मला पाहत होते.

"काय झालं याला?" काकांनी एका पुस्तकाबद्दल विचारलं. ते त्यांचं आवडतं होतं, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

"वल्लं आहे," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"पानी मारलं आहे याच्यात. वजन दिसाव म्हनून. एक गोष्ट चार वेळा सांगते."

काका आधी चिडले. मग त्यांनी पुस्तक हातात घेऊन तेच पान वाचलं. "हां," म्हणाले, "थोडं मारलंय." आणि काउंटरमागून उठून बाबांच्या शेजारी येऊन उभे राहिले. आता दोघं कपाटासमोर, एक काढतोय, एक पाहतोय. "हे पाहा भाऊ, हे घ्या." "हे कोरडं आहे, पन तुटते." "तुटते म्हणजे?" "ओढलं का तुटते. एका ओळीतून दुसरी ओळ नाई निंगत." काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी दोन सभासद तसेच ताटकळत ठेवले.

बाबा पहिल्या कपाटाकडे वळले, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, ते नका पाहू. ते कपाट झालंय माझं."

"झालं म्हंजे?"

"म्हणजे वाचून झालं."

त्यांनी मान हलवली आणि तरी हात घातला. खालच्या फळीवरून एक मुखपृष्ठ नसलेलं, तपकिरी पुठ्ठ्याचं बारीक पुस्तक निघालं. मध्यावर उघडलं. या वेळी त्यांचे ओठ हलले आणि हलतच राहिले. पान उलटलं. पुढचंही. मग आम्हाला वाचून दाखवू लागले, बोटानं ओळ धरून, अडखळत. रस्त्याची देखभाल करणारा एक मैलकुली त्यात स्वतःची गोष्ट सांगत होता. कडेच्या कडुलिंबांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे होते, चुना कमी पडला, म्हणून त्यानं रस्त्यावरून दिसेल तेवढ्याच बाजूला मारला आणि पुढे वर्षभर त्याला त्या झाडांच्या मागच्या बाजूनं जायची लाज वाटली. बाबा थांबले. त्यांनी पुस्तक मिटलं नाही.

"हे देजा," ते काकांना म्हणाले.

काकांनी मागचा कागद पाहिला. त्यावर सभासदाचा नंबर आणि तारीख लिहिलेली असते. ते हसले. "अरे, हे तर बेटीनं नेलं होतं. मार्चमध्ये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू वाचलं हे?"

"हो."

"मंग हेच काऊन नाई आनलं पयले?"

मी मागच्या कागदावरचा माझा सभासद नंबर पाहिला.

"काय होते पुढं त्याचं?" त्यांना खरंच उत्सुकता होती. "सांगू नको सगळं. जरासं सांग."

काकांनी मान खाली घालून रजिस्टर उघडलं. मी त्या पुस्तकाकडे पाहत होते. वहीत ते नक्की होतं, पानांच्या संख्येसकट. झाडं नव्हती, चुना नव्हता, माणूस नव्हता. "मला आठवत नाही, बाबा," मी म्हटलं.

रस्त्यानं बाबा पुस्तक काखेत धरून चालत होते. कारंजा चौकाच्या अलीकडे म्हणाले, "किती दिवसात वाचलं होतं?"

"दोन."

"दोन! कसं काय जमते? मले शिकव बरं."

ते टोमणा मारत नव्हते. मी अधिकच लाजले. सांगितलं. परिच्छेदाची पहिली ओळ वाचायची, मधलं सोडायचं, संवाद असले की भरभर जायचं.

"म्हंजे वरून वरून."

"हो."

"मालक लोक असेच पाहे," बाबा म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं आणि त्यांनी मला चहा पाजला.

त्यानंतर दोन आठवडे आमच्या घरात तो मैलकुली राहिला. बाबा दिवसाला चार-पाच पानं वाचत, ओट्यावर बसून, मध्येच थांबून त्याच्याशी भांडत. मी संध्याकाळी तेच पुस्तक घेत असे. मला पहिल्या ओळींची सवय लागली होती, डोळा उडी मारायचा आणि मी त्याला परत आणायची. फार त्रास व्हायचा. एखाद्या खोडकर वासराला पुन्हा पुन्हा दाव्याशी आणावं तसं. वहीतला आकडा एकाहत्तरवर थांबला होता आणि वर्ष संपत आलं होतं, हेही डोक्यात चालूच होतं. बाबा विचारायचे, "कुठवर आली?" मी पान सांगायची. "ये लवकर. पुढं मजा आहे." नाहीतर, "थांब, आज पुढं जाऊ नको, मले आधी जाऊ दे."

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ते पुस्तक मिटून बसले होते. "खोटं लिवलं आहे," म्हणाले.

"काय?"

"पाय ना. एवढे वर्स रस्त्यावर काम केलं आन शेवटी लिवते, मंग मी नोकरी सोडली. बस, एका ओळीत. असं नाई सुटत काम."

मी म्हटलं, "तुम्ही पण तर सोडलं. दम्यामुळे."

"दमा तं होताच." ते रस्त्याकडे पाहत होते. "मले पिवळा दिसत नव्हता. हाताले समजे वल्ला आहे का, लांब आहे का. रंग नाई समजे. दोन गाड्या पास केल्या मी. पिवळ्या. मालकाचं पोरगं आलं, काई बोललं नाई, माह्या हातातली मूठ घेतली आन दुसऱ्याले दाखोली. दुसऱ्या दिवशी मले फाटकावर बसवलं. महिनाभर बसलो. मंग नाई गेलो."

आई आतून ऐकत होती. तिलाही हे माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. मोतीबिंदू आहे हे कळायच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. मी त्यांची मुलगी, त्यांच्या घरात राहणारी. शंभर पुस्तकं वाचायची म्हणत होते आणि त्यांना कधी विचारलं नव्हतं की काम कसं सुटलं.

"थे लिवाले पायजे होतं त्यानं," बाबा म्हणाले. "महिनाभर बसलो, थे."

पुस्तक परत करायच्या दिवशी मी निघाले तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. "मी नेतो. मले माह्या नावाचं कार्ड पायजे. तुह्या कार्डावर किती दिवस आनू?"

"मी येते ना सोबत. शनिवारी जाऊ."

"नाई. तू घड्याळ पाहत राह्यतं."

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. फॉर्म भरायला जमेल का, फोटो लागतो, नेला का, काकांच्या जागी दुसरं कुणी बसलं असेल आणि नंबर विचारला तर? दुपारी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. आईनं घेतला. "गेले थे दहा वाजताच. जेवाले बी नाई आले अजून." जामला गाडी यायला उशीर झाला आणि मी पुस्तक हातात न घेता तिथे उभी राहिले, हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं.

घरी आले तर बाबा ओट्यावर होते, सदऱ्याच्या खिशात कार्ड, अर्धं बाहेर दिसेल असं ठेवलेलं. मांडीवर उघडं पुस्तक. बाजूला आणखी एक.

"दोन दिले?" मी विचारलं.

"एकच देते. पन त्यायनं म्हटलं, भाऊ, दुसरं बेटीच्या कार्डावर लिवतो." त्यांनी बाजूचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "हे तुह्यासाठी. लय पाह्यले, मंग हे निंगालं."

मी ते उचललं. दोन्ही हात लागले. माझा अंगठा आपोआप शेवटच्या पानाकडे गेला. पाचशे अठ्ठ्याऐंशी. डिसेंबरचे किती दिवस राहिले ते मी मनात मोजू लागले.

"काय पाहून राह्यली? जाडी?"

"नाही."

"धा दिवसात उरकाचं आहे काय?"

"नाही बाबा. कशाबद्दल आहे हे?"

"मले काय माहीत? मी चार पानं पाह्यले. तू वाच न सांग मले."

मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि त्यांच्या शेजारी बसले. पहिलं पान उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदाला डोळ्यानं उडी मारली, मी त्याला परत आणलं. बाबांनी पान उलटल्याचा आवाज आला. मला उलटायला अजून बराच वेळ होता. खाली कोपऱ्यातल्या आकड्याकडे नजर जात होती. अजूनही जाते.

"कुठवर?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"पहिलंच."

"बरं," ते म्हणाले, आणि वाचत राहिले.